प्रायव्हसी राउटर घेऊन खरंच अनामिक राहता येतं का?

उंबरठा

नमस्कार मंडळी.

हल्ली मोबाइल उघडला की एकच जाहिरात समोर येते. तळहातावर मावेल एवढा डबा, घरच्या वायफायला जोडायचा आणि 'इंटरनेटवरून अदृश्य व्हायचं'. किंमत साडेचौदा हजार. खाली 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन', हुडी घातलेला माणूस, हिरवी अक्षरं, सगळा थाट आहे. भाचा म्हणतो, डबा नको, गूगल काढून टाकलेला फोन घे.

कशासाठी हवंय तेही सांगतो. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. कमिटीने बिल्डर आधीच ठरवून ठेवलाय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण सभेत कोणी तोंड उघडत नाही. टेंडरचे कागद, दर बैठकीला बदलणारा कार्पेट एरिया, कॉर्पसचे (बिल्डर सोसायटीला देतो त्या निधीचे) आकडे यावर नाव न देता ब्लॉग लिहायचा विचार आहे. कमिटीला कळलं तरी जायचं त्याच लिफ्टने आहे, म्हणून ही काळजी.

तर डबा घ्यावा का? जाणकारांनी उजेड पाडावा.

गंजका पाना

'मिलिटरी ग्रेड' वाचलं की पान उलटायचं. तेच एईएस (मजकूर कुलूपबंद करायची पद्धत) व्हॉट्सॅपमध्येही आहे आणि तुमच्या बँकेच्या साइटवरही. बँकेला काही त्यासाठी हुडीवाला माणूस उभा करावा लागत नाही.

साडेचौदा हजारात दोघांचं महाबळेश्वर होतं. कृपया हलके घ्या.

तारांबळ

नेटवर्किंगवरच पोट आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

असला डबा तुमचं सगळं ट्रॅफिक टॉरमधून (अनेक यंत्रांवरून वळणं घेत जाणारं खुलं जाळं) नाहीतर एखाद्या व्हीपीएनच्या (मधल्या मध्यस्थ कंपनीच्या) सर्व्हरमधून फिरवून आणतो. त्याने दोन गोष्टी होतात. समोरच्या साइटला तुमचा खरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसत नाही, आणि तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते तुमच्या इंटरनेटवाल्याला दिसत नाही. हे काम खोटं नाही. पण डबा इथेच थांबतो आणि जाहिरात पुढे बोलत राहते.

डबा लावला आणि त्याच क्रोममध्ये गेलात, जिथे जीमेल उघडं आहे, तर गूगलच्या दृष्टीने काय बदललं? तुम्ही कोण हे त्याला लॉगिनवरून कळत होतं, ते अजूनही कळतंय. तोंडाला मफलर गुंडाळून वाण्याकडे जायचं आणि 'माझ्या खात्यावर लिहा' म्हणायचं, असला प्रकार.

बरं, लॉगिन केलं नाही, कुकीज पुसल्या, तरी ब्राउझरचा ठसा राहतो. स्क्रीनचा आकार, बसवलेले फाँट, टाइमझोन, भाषा, ग्राफिक्स कार्डाची चित्र काढायची लकब हे सगळं एकत्र केलं की बहुतेक वेळा तुमच्यासारखा दुसरा ब्राउझर सापडत नाही. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. हा ठसा तुमच्या लॅपटॉपमध्ये तयार होतो आणि पानाच्या आतून साइटपर्यंत पोचतो. मधल्या डब्याला तो दिसतही नाही, मग पुसणार कुठून? आणि मशीनचा टाइमझोन तुम्ही मुद्दाम बदलला नसेल तर तो भारताचाच सांगितला जातो, आयपी भले रुमानियाचा असो.

या डब्यांचा इतिहासही काही बरा नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची साइट) अ‍ॅनोनाबॉक्स नावाचा टॉर राउटर आला होता. मागितले साडेसात हजार डॉलर, जमले पाच लाखांच्या वर, तेही काही दिवसांत. सांगितलं होतं की हार्डवेअर स्वतः घडवलंय. रेडिटवरच्या लोकांनी तोच चिनी बोर्ड बाजारातून शोधून फोटो शेजारी शेजारी लावले. किकस्टार्टरने मोहीम बंद केली. तरी पुढे दुसरीकडून पैसे उभे करून माल विकला गेलाच, आणि २०१५ मध्ये सुमारे साडेतीनशे नग परत बोलवावे लागले, कारण वायफायला पासवर्डच नव्हता आणि रूटचा, म्हणजे डब्याच्या पूर्ण ताब्याचा, पासवर्ड होता 'अ‍ॅडमिन'. म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधला पोरगा तुमच्या गुप्त डब्यात शिरून बसू शकला असता.

मी_अनु_नाही

बाय डिफॉल्ट सहमत. वाचनखूण साठवली.

जाता जाता, अशा वस्तूंवर नेदरलँड्समधून लिहिण्यासारखं बरंच आहे. इथल्या अणुसुरक्षा खात्याने २०२१ च्या डिसेंबरात एक इशारा काढला होता. ५जी पासून संरक्षण म्हणून विकली जाणारी पेंडंट, बांगड्या वगैरे स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडात ३३९ पौंडांचा '५जी कवच' देणारा यूएसबी उघडला, तर आत १२८ एमबीचा साधा पेनड्राइव्ह आणि वर एक गोल स्टिकर. प्रायव्हसी राउटर इतके भोंदू नसतात हे मान्य, पण गिऱ्हाईक साधारण तेच: घाबरलेलं आणि घाईत असलेलं.

नाठाळ

चला, सगळे एका सुरात गायला लागले. आता उलट बाजू.

'साधनाने काही होत नाही, सवयी बदला' हे ऐकायला छान आहे, पण सवयी माणसाच्या असतात आणि माणूस रात्री साडेअकराला दमलेला असतो. चांगलं साधन म्हणजे चूक करायची सोयच न ठेवणारं. टेल्स घ्या. पेनड्राइव्हवरून चालणारी ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. बाहेर जाणारं सगळं ट्रॅफिक टॉरमधूनच जातं, आणि मशीन बंद केलं की त्या बैठकीतलं मागे काही राहत नाही, तुम्ही मुद्दाम साठवलं नसेल तर. अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेनच्या प्रकरणात पत्रकारांनी ती वापरली. ती फुकट आहे, पण तिला वेगळा लॅपटॉप दिलात तर त्यालाही साधनच म्हणायचं ना?

आणि तारांबळसाहेब, मधल्या डब्याला इतकं खाली पाडू नका. २०१३ च्या ऑगस्टमध्ये टॉरवरच्या साइटी ठेवणाऱ्या फ्रीडम होस्टिंगवरच्या साइटींतून टॉर ब्राउझरमधली फायरफॉक्सची एक भेग वापरून लोकांचे खरे आयपी काढले गेले. ज्यांचं ब्राउझिंग वेगळ्या गेटवेमागे (मधल्या दारासारख्या यंत्रणेमागे) होतं, ज्याला टॉरशिवाय बाहेरचा रस्ताच माहीत नाही, त्यांच्या मशीनमध्ये कोड शिरला तरी तो बाहेर पडताना टॉरमधूनच पडला असता. हूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी याच कल्पनेवर उभी आहे. थोडक्यात, कल्पना बरोबर आहे, बाजारातला माल भिकार आहे.

तारांबळ

नाठाळ, गेटवेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण हूनिक्समध्ये गेटवेच्या मागे टॉर ब्राउझरच असतो, घरचा क्रोम नसतो. जाहिरातीतला डबा सांगतो की मागे काहीही चालवा, टीव्हीसुद्धा. भांडण त्या वाक्याशी आहे. तुमच्या फोनमधली वीस अ‍ॅप त्याच टॉरच्या दोरीने बाहेर पडतात आणि त्यातली निम्मी तुमच्या नावाने हाक मारत सुटतात.

उंबरठा

मग नुसता टॉर ब्राउझर उतरवून घेतला तर? तो फुकट आहे म्हणे.

जुनाट रेडिओ

उंबरठा, टॉरच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती इथे सांगायलाच हवी. ही कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्माला आली. ती सगळ्या जगाला खुली का केली? कारण फक्त नौदलाने वापरली असती, तर त्या जाळ्यातून येणारा प्रत्येक संदेश नौदलाचा हे उघड झालं असतं. लपायला गर्दी लागते. नवरे-बायका, विद्यार्थी, पत्रकार, चोर सगळे त्यात असतील तरच त्यातला एक कोण ते ओळखू येत नाही.

गर्दी नसली तर काय होतं ते हार्वर्डमध्ये दिसलं. २०१३ च्या डिसेंबरात परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने बाँबची खोटी धमकी पाठवली, टॉरमधून, तात्पुरत्या ईमेलवरून. टॉर कोणी फोडलं नाही. पण तो कँपसच्याच वायफायवर बसला होता, आणि त्या वेळी तिथून टॉर वापरणारे कोण एवढंच तपासलं गेलं. मंडळी मोजकीच असणार. पोलीस दारात आल्यावर त्याने कबूल केलं.

तुमच्या सोसायटीच्या वायफायबद्दल कोणी असं तपासणार नाही, घाबरू नका. पण 'खास वस्तू' या कल्पनेतच मेख आहे. जी वस्तू मोजकेच लोक वापरतात, ती वापरणारा वेगळा उठून दिसतो.

त्याहून मोठी मेख म्हणजे ती वस्तू बनवली कोणी? स्वित्झर्लंडच्या क्रिप्टो एजी कंपनीची सांकेतिक यंत्रं शंभराहून जास्त देशांनी विकत घेतली. २०२० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन झेडडीएफ वाहिनीने उघड केलं की १९७० पासून ती कंपनीच सीआयए आणि जर्मनीच्या गुप्तहेर खात्याच्या मालकीची होती. गिऱ्हाइकांत भारत होता आणि पाकिस्तानही. तटस्थ देश, महागडं यंत्र, बंद पेटी. विश्वास बसावा असंच सगळं.

बॅटरी लो

आणि अ‍ॅनम विसरलात? एफबीआयनेच चालवलेला फोन. कॅल्क्युलेटर उघडून आकडा टाकला की आतलं गुप्त अ‍ॅप उघडायचं. सुमारे १२ हजार फोन शंभराहून जास्त देशांत खपले, गुन्हेगारांनी स्वतःच्या पैशाने घेतले, एकमेकांना शिफारस करून विकले, आणि प्रत्येक मेसेजची प्रत एफबीआयकडे. २०२१ च्या जूनमध्ये बातमी फुटली तेव्हा ८०० च्या वर लोक आत.

त्याआधी एन्क्रोचॅट, गुन्हेगारांत चालणारी गुप्त फोनसेवा. फ्रेंच पोलिसांनी २०२० मध्ये सर्व्हरमार्गे फोनमध्येच शिरकाव केला. त्यातला लिव्हरपूलचा एक भाऊ तर आपला लाडका. त्याने स्टिल्टन चीजचा तुकडा तळहातावर ठेवून कौतुकाने फोटो टाकला. पोलिसांनी फोटोतल्या बोटांचे, तळव्याचे ठसे जुळवले. साडेतेरा वर्षं.

फोनचा कंपू म्हणतो एन्क्रिप्शन फोडलं नाही. खरंच नाही फोडलं भाऊ, चीजच पुरलं.

नाठाळ

हे किस्से मजेचे आहेत, पण ती मंडळी गुन्हेगार होती आणि त्यांच्या मागे तीन-तीन देशांचे पोलीस होते. उंबरठ्यामागे कोण आहे? चेअरमन, सेक्रेटरी आणि बिल्डरचा माणूस. त्या बेतानेच बोलू की.

वकिली चष्मा

नाठाळ यांच्याशी सहमत, पण एक जोड.

भारतात 'कोणापासून लपायचं' यावर बरंच काही ठरतं. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी ही माहिती पाच वर्षं जपायची. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले. तेव्हा कुठल्याही डब्यात फुकट व्हीपीएन जोडलेलं असेल तर तो कोणाचा सर्व्हर आहे आणि कुठल्या देशात आहे, हे आधी विचारा. 'आम्ही नोंद ठेवत नाही' हे वाक्य कोर्टाचा आदेश येईपर्यंतच खरं असतं. २०२१ मध्ये प्रोटॉनमेल या स्विस ईमेल सेवेला तिथल्या सरकारी आदेशामुळे एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला. मेलचा मजकूर सुरक्षित राहिला, पण माणूस मात्र उघडा पडला.

दुसरं म्हणजे, डबा विकत कसा घेणार? यूपीआयने पैसे, घरपोच पार्सल, वॉरंटीसाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी. सिम केवायसीशिवाय मिळत नाही. म्हणजे अदृश्य व्हायच्या आधीच तुमची तीन ठिकाणी हजेरी लागलेली असते.

उद्या ब्लॉगवरून कोणी बदनामीचा दावा लावला आणि कोर्टाने माहिती मागितली, तर या साखळीला अर्थ आहे. कमिटीच्या हातात मात्र यातलं काहीच नाही. चेअरमन फोन करून आयपी मागू शकत नाहीत.

पाऊलखुणा

मी बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे तारा, पेट्या आणि गुप्तहेर यांच्यात अडकला आहात. अहो उंबरठा, तुम्हाला कमिटी ओळखणार ती मजकुरावरून. आयपीचा त्यात काही संबंधच नाही.

नावाशिवाय तक्रार लिहिणाऱ्या बायकांना मी थोडीफार मदत करते, ऑफिसमधल्या छळाबद्दल वगैरे. त्यातल्या ज्या ओळखल्या गेल्या, त्यातली एकही तांत्रिक कारणाने नाही. 'त्या दिवशी मीटिंगमध्ये तो असं म्हणाला' असं लिहिलं, आणि मीटिंगला चारच जण होते. संपलं. तुम्ही ब्लॉगवर टेंडरचा स्कॅन टाकाल. तो कागद किती जणांकडे आहे? व्हॉट्सॅपवरून आलेली पीडीएफ असेल तर ती कुठल्या ग्रुपवर पडली होती? फाइल बनवताना वर्डने लेखक म्हणून कोणाचं नाव चिकटवलंय? मोबाइलने फोटो काढलात तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांश आहेत का? २०१२ साली पळत असलेल्या मॅकअफीचा ठावठिकाणा असाच एका मासिकाने छापलेल्या फोटोतून कळला, ग्वाटेमालात. अँटीव्हायरसवाला माणूस तो!

२०१७ मधलं अमेरिकेतलं प्रकरण बघा. एनएसए या गुप्तचर संस्थेचा अहवाल एका वृत्तस्थळाकडे गेला. कागदाला घडी पडल्याचं दिसलं, म्हणजे छापून बाहेर नेलेला. तो कोणी छापला याची नोंद पाहिली तर सहा जण. त्यातल्या एकीने त्याच वृत्तस्थळाला ऑफिसच्या मशीनवरून ईमेल केलेला होता. सहातून एक काढायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. तुमच्या सोसायटीत कमिटीशी वाद घातलेले किती आहेत? सहा तरी आहेत का?

मी_अनु_नाही

पाऊलखुणा ताई, दंडवत घ्या.

आणि भाषा! आपल्या या फोरमवर डुआयडी (दुसऱ्या नावाने काढलेली खाती) कसे पकडले जातात? आयपी अ‍ॅडमिन बघतात, आपण नाही. तरी तिसऱ्या प्रतिसादाला सगळ्यांना कळलेलं असतं की हा कोण. एक जण प्रत्येक वाक्यानंतर चार टिंबं देतो, दुसरा 'आणि' ऐवजी हटकून 'व' लिहितो, तिसऱ्याचे सगळे दीर्घ ऱ्हस्व होतात. नाव बदलतात, पण शुद्धलेखन तेच राहतं.

गंजका पाना

हे माझ्याकडे बघून बोललात का....

मी_अनु_नाही

चार टिंबं. राहू द्या.

उंबरठा

हसून हसून पुरे झालं, पण पोटात गोळाही आलाय. सोसायटीच्या नोटिसा गेली कित्येक वर्षं मीच लिहून देतो. माझी वाक्यं सगळ्यांच्या पाठ आहेत.

म्हणजे डबा नाही. भाच्याचा फोन?

नाठाळ

गूगल काढलेला फोन म्हणजे ग्राफीनओएस वगैरे म्हणत असेल तर ते उत्तम आहे, पण वेगळ्या दुखण्यासाठी. अ‍ॅप तुमची माहिती किती ओढतात यावर लगाम बसतो, फोन चोरीला गेला तर आतलं सहज निघत नाही. गंमत म्हणजे तो बसवायला आजवर गूगलचाच पिक्सेल घ्यावा लागत आलाय. ब्लॉग कोण लिहितंय हे लपवायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आणि सिम तुमच्याच नावाचं असलं की टॉवरला तुम्ही कुठे आहात ते कळतंच.

माझं मत विचाराल तर असलेल्या लॅपटॉपवर टॉर ब्राउझर, नवा ईमेल, ब्लॉगचं खातं फक्त तिथूनच उघडायचं. फोनवरून 'जरा बघतो किती जणांनी वाचलं' हे एकदाही करायचं नाही. खर्च शून्य.

पाऊलखुणा

आणि स्कॅन टाकायचा नाही, आकडे नव्याने टाइप करायचे. लेख दुसऱ्या कोणाकडून पुन्हा लिहून घ्यायचा. सभा झाली त्याच रात्री प्रसिद्ध करायचा नाही. मुख्य म्हणजे बायकोलाही सांगायचं की नाही ते आधी ठरवा. मी चेष्टा करत नाहीये, बहुतेक गुपितं घरातूनच जिना उतरतात.

वकिली चष्मा

अवांतर वाटेल, पण मूळ दुखण्याकडे येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली सभासदाला कागद पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क आहे. पुनर्विकासासाठी कलम ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे सुधारित निर्देश आहेत, त्यात टेंडर आणि सर्वसाधारण सभा कशी घ्यायची ते दिलं आहे. ब्लॉगच्या आधी एक अर्ज टाका. उत्तर आलं तर कागद हातात, नाही आलं तर तेच लिहिण्यासारखं.

तारांबळ

पण वकीलसाहेब, इथेच गोची आहे. उंबरठा यांनी आपल्या नावाने अर्ज केला आणि पंधरा दिवसांनी तेच आकडे 'अनामिक' ब्लॉगवर आले, तर कमिटीला काय टॉर फोडावं लागणार आहे?

जुनाट रेडिओ

मग अर्ज एकट्याने करू नये. सात-आठ सभासदांनी एकाच आठवड्यात स्वतंत्रपणे करावा. नौदलाने केलं तेच.

उंबरठा

हे पटलं. बी विंगमधले तिघे तयार होतील, आमच्या मजल्यावरचे देशपांडे काकाही बहुतेक. डब्याचे पैसे प्रतींच्या शुल्काला वापरतो.

वकीलसाहेब, अर्जाचा नमुना असेल तर द्याल का? इथे नको, चारचौघांत.

वकिली चष्मा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

बॅटरी लो

व्यनि अ‍ॅडमिनच्या सर्व्हरवरच असतो हे कोणी सांगणार आहे का त्यांना? आणि उंबरठा, बी विंग, आपला मजला, काकांचं आडनाव, नोटिसा कोण लिहितं, सगळं वर लिहून बसला आहात. संपादकांना सांगून आधी ते उडवा.